पिचरचा बाहू : अमेरिकन बेसबॉलमधील श्रमभार व दुखापती यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बेसबॉलच्या इतिहासात रस घेणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. पूर्वीचे पिचर दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा मैदानात उतरत, सुरू केलेला सामना स्वतःच संपवीत आणि एका हंगामात तीनशे-चारशे डाव टाकीत. आजचा पिचर पाच-सहा दिवसांनी एकदा उतरतो, पाच-सहा डाव टाकून बाहेर पडतो आणि तरीही त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते. यावरून जुन्या पिढीचे अभिमानी 'पूर्वीची माणसे काटक होती, आताची लाडावलेली आहेत' असे म्हणतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जुन्या काळी खेळाडूला राबवून घेऊन नंतर वाऱ्यावर सोडले जाई आणि आजची काळजी ही प्रगतीचीच खूण होय. दोन्ही पक्ष 'भार' म्हणजे काय आणि 'दुखापत' म्हणजे काय हे ठरलेलेच आहे असे धरून चालतात. प्रस्तुत लेखात या दोन गृहीतकांचीच तपासणी करावयाची आहे.

आपल्याकडे बेसबॉल शालेय व विद्यापीठीय स्पर्धांपुरता परिचित असल्याने आरंभी थोडा खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलचा पिचर म्हणजे ढोबळमानाने क्रिकेटचा गोलंदाज. पण त्याला धाव घेऊन येण्याची मुभा नसते. १० इंच उंचवट्यावर एका पट्टीला पाय टेकवून तो ६० फूट ६ इंच अंतरावरील लक्ष्याकडे चेंडू फेकतो. क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ झाल्यास ती फेकी गोलंदाजी ठरते. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून झटक्याने सरळ करणे हाच कौशल्याचा गाभा आहे. त्यामुळे वेगवान गोलंदाजाची पाठ, गुडघा व घोटा यांवर जो ताण येतो, तो पिचरच्या बाबतीत प्रामुख्याने खांदा व कोपर यांवर एकवटतो. सामना नऊ डावांचा असतो आणि प्रत्येक डावात प्रतिपक्षाचे तीन खेळाडू बाद करावयाचे असतात. नऊही डाव एकट्याने टाकले तर तो पिचरचा 'पूर्ण सामना' मानला जातो.

साधनांचा प्रश्न

कोणत्याही श्रमाचा इतिहास लिहिताना तो श्रम कोणत्या एककात मोजला गेला, हे प्रथम पाहावे लागते. क्रिकेटमध्ये षटक हे एकक खेळाच्या रचनेतच असल्याने टाकलेला प्रत्येक चेंडू धावपत्रिकेत उतरतो. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथील कसोटीत बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली आणि त्या डावात ३२ षटकांत केवळ ५ धावा दिल्या, हे आज साठ वर्षांनंतरही आपण निःशंकपणे सांगू शकतो. बेसबॉलची जुनी नोंदपुस्तके अत्यंत तपशीलवार असूनही त्यांत पिचरने किती चेंडू फेकले याला रकाना नाही. किती डाव टाकले, किती जण बाद केले, किती धावा दिल्या, सामना जिंकला की हरला, एवढेच त्यांत सापडते. ब्रुकलिन व पुढे लॉस एंजेलिस येथील डॉजर्स संघासाठी ॲलन रॉथ या संख्याशास्त्राच्या जाणकाराने १९४७ ते १९६४ या काळात फेकी मोजून ठेवल्या, हा एक सन्माननीय अपवाद. संपूर्ण लीगसाठी सलग अशी नोंद १९८८ पासूनच मिळते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांच्या श्रमाचे माप आपल्याकडे डावांत आहे आणि आजचा वाद मात्र फेकींविषयी आहे.

डाव हे फसवे एकक आहे. १९२० च्या दशकात एका संघाचे सामन्यामागे तीनच्या आसपास खेळाडू चेंडू हुकून, म्हणजे स्ट्राइकआउटने, बाद होत. २०१९ मध्ये हे प्रमाण ८.८ पर्यंत गेले होते. चेंडू टोलवून झेलबाद होणारा खेळाडू दोन-तीन फेकींत परततो, स्ट्राइकआउटसाठी किमान तीन व बहुधा चार-पाच फेकी लागतात. एकच डाव १९२५ मध्ये व २०१९ मध्ये सारख्याच श्रमाचा होता असे मानण्यास त्यामुळे आधार राहत नाही.

दुखापतींची नोंद तर याहूनही दुबळी आहे. जुन्या वृत्तपत्रांत 'हात दुखतो', 'हात मेला' असे शब्द वारंवार येतात. निदान येत नाही. निदानाची साधनेच नव्हती. हात गेलेला पिचर नोंदपुस्तकात दुखापतग्रस्त म्हणून दिसत नाही. त्याचे नाव पुढील वर्षाच्या यादीत नसते, इतकेच. अभिलेखात जी मौने असतात त्यांपैकी हे एक, आणि जुन्या काळाच्या काटकपणाची बहुतेक कीर्ती या मौनावर उभी आहे.

रॅडबर्नचा हंगाम

या वादात चार्ल्स रॅडबर्न याचे नाव नेहमी घेतले जाते. १८८४ च्या हंगामात प्रॉव्हिडन्स संघाचे दोन प्रमुख पिचर होते, रॅडबर्न आणि चार्ली स्वीनी. जुलैमध्ये स्वीनी संघ सोडून गेला. त्याआधीच व्यवस्थापनाशी खटके उडून रॅडबर्न निलंबित झाला होता. संघ मोडण्याच्या बेतास आला असता रॅडबर्नने उरलेला हंगाम आपण ओढून नेऊ असे कबूल केले. संघाच्या ११४ सामन्यांपैकी ७३ सामने त्याने सुरू केले आणि ते सर्वच्या सर्व स्वतः पूर्ण केले. डावांची संख्या ६७८ हून अधिक भरली. प्रॉव्हिडन्सने अजिंक्यपद मिळविले. हंगामाच्या उत्तरार्धात त्याला सकाळी केस विंचरण्यासाठीही हात वर नेता येत नसे, असे सांगितले जाते. ही आख्यायिका असली तरी ती त्याच्या समकालीनांना विश्वसनीय वाटत होती, हे महत्त्वाचे आहे.

या विक्रमाबरोबर दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली खेळाच्या नियमांची. तेव्हा पिचर ५० फूट अंतराच्या चौकटीतून चेंडू टाकीत असे आणि हात खांद्यावर नेऊन फेकण्यास नॅशनल लीगने त्याच वर्षी प्रथम परवानगी दिली होती. १८९३ मध्ये अंतर ६० फूट ६ इंच झाले. कागदोपत्री ही वाढ साडेदहा फुटांची दिसते. पूर्वीचे अंतर चौकटीच्या पुढील कडेपासून मोजले जात असल्याने प्रत्यक्षातली वाढ पाच फुटांच्या आसपास होती. तिचा परिणाम तत्काळ दिसला. शिकागोच्या बिल हचिन्सनने १८९२ मध्ये सहाशेहून अधिक डाव टाकले होते. पुढील वर्षी तो साडेतीनशेच्या आसपास येऊन थांबला. त्यानंतर आजतागायत एकाही पिचरला एका हंगामात ५०० डाव टाकता आलेले नाहीत. म्हणजे भाराची घट 'लाडावलेल्या' पिढीपासून सुरू झाली नाही. रॅडबर्न निवृत्त होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच ती सुरू झाली होती.

दुसरी गोष्ट कराराची. उरलेला हंगाम ओढण्याच्या मोबदल्यात रॅडबर्नने वाढीव पगार तर मागितलाच, शिवाय हंगामाअखेर आपल्याला करारातून मुक्त करावे अशी अटही घातली. १८७९ पासून क्लबांनी परस्परांत ठरवून खेळाडूला पुढील वर्षासाठीही राखून ठेवण्याची प्रथा पाडली होती. 'राखीव कलम' या नावाने ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकली. तिच्यामुळे पिचरचा हात क्लबाच्या ताब्यात राहत असे. हात निकामी झाल्यास मात्र क्लबावर कोणतीही जबाबदारी येत नसे. रॅडबर्नच्या विक्रमाकडे शौर्यकथा म्हणून पाहावे की सुटकेसाठी केलेला सौदा म्हणून, हा प्रश्न इतिहासकाराने तरी विचारावयास हवा.

राखून ठेवलेला जोर

विसाव्या शतकाच्या आरंभीचे पिचर दीर्घकाळ टिकले याचे एक कारण त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. न्यूयॉर्क जायंट्सचा ख्रिस्ती मॅथ्यूसन याच्या नावे १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा विषयच हा आहे की, सर्व चेंडू सारख्या ताकदीने टाकावयाचे नसतात. अडचणीच्या प्रसंगासाठी जोर राखून ठेवावयाचा असतो. हे शक्य होते, कारण चेंडू मऊ, मळका व वारंवार वापरलेला असे; फटका सीमेपार जाणे दुर्मिळ होते आणि फलंदाज बॅट आखूड धरून चेंडू नुसता ढकलण्यावर समाधान मानीत. चूक झाली तरी बहुधा एकाच पळापळीची किंमत पडे. अशा स्थितीत सरासरी फेक ही पूर्ण ताकदीची नसे. साय यंगने १८९० ते १९११ या काळात ७,३५६ डाव टाकले. हा आकडा अचाट आहेच, पण तो या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा.

१९२० मध्ये हे चित्र बदलले. थुंकी लावून चेंडू वळविण्यावर बंदी आली, रे चॅपमन या खेळाडूचा डोक्यावर चेंडू लागून मृत्यू झाल्यानंतर मळलेले चेंडू वारंवार बदलले जाऊ लागले आणि बेब रूथने एका हंगामात ५४ होमरन काढून फलंदाजीचा आदर्शच बदलला. आता प्रत्येक फलंदाजाच्या हाती एका फटक्यात धाव होती. पिचरला विसावा घेण्याच्या जागा एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. ही प्रक्रिया संथ होती. १९६८ मध्येही सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने ३४ पैकी २८ सामने पूर्ण केले. पण तिची दिशा शंभर वर्षांत बदललेली नाही.

हाडवैद्य आणि नाहीसे झालेले पिचर

साय यंग टिकला; त्याच्यासारखे थोडेच. शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने १९०८ मध्ये ४६४ डाव टाकून ४० सामने जिंकले. १९१२ मध्येही त्याने ३९३ डाव टाकले. त्यानंतरच्या पाच हंगामांत सगळे मिळून त्याचे २०० डावही भरले नाहीत. बोस्टनच्या जो वुडने १९१२ मध्ये ३४ सामने जिंकले आणि केवळ ५ गमावले. पुढील वर्षी अंगठ्याच्या दुखापतीतून खांद्याचे दुखणे उद्भवले आणि काही वर्षांनी तो क्लीव्हलँड संघात क्षेत्ररक्षक व फलंदाज म्हणून परतला. सेंट लुईसचा डिझी डीन १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात पायाच्या अंगठ्यावर चेंडू आदळून जखमी झाला, बरा होण्याआधीच मैदानात उतरला, दुखऱ्या पायाला सांभाळण्यासाठी फेकण्याची ढब बदलली आणि हात गमावून बसला. ब्रुकलिनच्या कार्ल स्पूनरने १९५४ च्या सप्टेंबरमध्ये पदार्पणाच्या दोन सामन्यांत एकही धाव न देता २७ जणांना स्ट्राइकआउटने बाद केले. पुढील वसंतात सरावाच्या दिवसांत घाईने चेंडू टाकताना त्याचा खांदा गेला आणि १९५५ नंतर तो या पातळीवर पुन्हा खेळला नाही. ज्यांनी आधी नाव कमावले होते त्यांच्याच या हकीकती आहेत. नाव होण्यापूर्वीच ज्यांचे हात गेले, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

उपचार काय होते? ओहायोतील यंग्सटाउन या पोलादनगरीत जॉन रीस नावाचा वेल्स देशातून आलेला कामगार राहत असे. त्याने वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, परंतु हाडे व सांधे बसविण्याची पारंपरिक विद्या त्याला अवगत होती. आपल्याकडील गावोगावच्या हाडवैद्यांची आठवण व्हावी असाच हा माणूस. गिरणीकामगारांवर उपचार करता करता त्याची कीर्ती पसरली आणि होनस वॅग्नर, टाय कॉब यांच्यासारखे नामवंत खेळाडू त्याच्या दाराशी येऊ लागले. शास्त्रीय वैद्यकाचे लक्ष या दुखण्यांकडे वळण्यास बराच काळ लागला. बाल्टिमोर येथील जॉर्ज बेनेट या शल्यविशारदाने व्यावसायिक पिचरच्या खांद्यातील व कोपरातील विकृतींवर १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, तो या क्षेत्रातील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनापैकी एक आहे.

कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधील स्थिती तर अभिलेखाच्या दृष्टीने अधिकच बिकट आहे. सॅचेल पेज हिवाळ्यात, उन्हाळ्यात, गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत अखंड खेळत असे. त्यातील बराच भाग कोणत्याच नोंदपुस्तकात नाही. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळत असता त्याचा हात निर्जीव झाला. कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या फिरत्या दुय्यम संघात राहून तो आश्चर्यकारकरीत्या सावरला आणि १९४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, क्लीव्हलँडच्या संघात दाखल झाला. तो सावरला म्हणून त्याचे १९३८ आपल्याला ठाऊक आहे.

१९६६ मधील एक निवृत्ती या जुन्या युगाचा शेवट जवळ आल्याची सूचना देणारी ठरली. डॉजर्सचा सँडी कोफॅक्स कोपराच्या संधिवाताने ग्रासलेला होता. कॉर्टिझोनची इंजेक्शने, दाह कमी करणारी औषधे, अंगाची आग करणारा लेप आणि सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडविलेले कोपर, अशा स्थितीत त्याने १९६५ मध्ये ३३५ व १९६६ मध्ये ३२३ डाव टाकले. अखेरच्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि लगेच, वयाच्या तिसाव्या वर्षी, खेळ सोडला. उरलेल्या आयुष्यात हात धड राहावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. सर्वोत्तम पिचरने आपल्या उत्कर्षाच्या शिखरावर शरीराचा हिशेब जाहीरपणे मांडावा, ही घटना तेव्हा अनेकांना अनाकलनीय वाटली.

सन १९७४

प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाची कूस १९७४ या वर्षी बदलली. एकमेकींशी संबंध नसलेल्या चार घटना त्या वर्षात घडल्या आणि त्या चारही घटनांचा विषय पिचरचा बाहू हाच होता.

१४ जून रोजी कॅलिफोर्निया एंजल्सच्या नोलन रायनने बोस्टनविरुद्ध १३ डाव टाकले व १९ जणांना स्ट्राइकआउटने बाद केले. त्याच्या फेकींची अनधिकृत मोजणी २३५ भरली. प्रतिपक्षाचा लुइस टियांट त्याच सामन्यात चौदाव्या डावानंतरही मैदानात होता, हे सहसा विसरले जाते. त्या हंगामात रायनने ३३२ डाव टाकले. यानंतर तो आणखी १९ हंगाम खेळला आणि १९९३ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, कोपराचा अस्थिबंध तुटल्यावरच थांबला. जुन्या काळाचे अभिमानी रायनचे उदाहरण हमखास देतात. परंतु एका असामान्य शरीरावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. आणि रायनचा अस्थिबंधही शेवटी तुटलाच.

१७ जुलै रोजी डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध एका फेकीत तुटला. पूर्वीच्या कोणत्याही दशकात ही 'हात मेला' अशी नोंद झाली असती. २५ सप्टेंबर रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी जॉनच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळील कंडरा काढून तो डाव्या कोपराच्या हाडांत भोके पाडून ओवला. यशाची शक्यता त्यांना शंभरात एक इतकीच वाटत होती. जॉन १९७५ चा हंगाम घरी बसला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. जोब यांनी घाई केली नाही; १६ खेळाडूंवरील अनुभव त्यांनी १९८६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडला, त्यांपैकी १० जण पूर्वीच्या पातळीवर परतले होते. २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत मेजर लीगमधील दर चार पिचरांपैकी एकाच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

तिसरी घटना वेगाच्या मोजणीची. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा बेसबॉल प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर याने वाहनांचा वेग पकडणारे पोलिसांचे रडार पाहिले आणि ते चेंडूसाठी वापरता येईल काय, असा विचार केला. त्यातून पुढे हाती धरावयाची 'रडार गन' आली. त्याच हंगामात वेगळ्या उपकरणाने मोजलेला रायनचा वेग ताशी १००.९ मैल भरला. तोवर वेग हा पाहणाऱ्याच्या नजरेचा अंदाज होता. आता तो एक आकडा झाला आणि निवड करणाऱ्यांच्या वहीत जाऊन बसला. सतरा वर्षांच्या मुलालाही आपला आकडा कळू लागला. या एका साधनाने पिचरच्या श्रमाचे स्वरूप जितके बदलले तितके कोणत्याही नियमाने बदलले नसावे.

चौथी घटना पैशाची. ओकलंडचा पिचर जिम 'कॅटफिश' हंटर याच्या करारातील एक रक्कम मालकाने भरली नाही. डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी करारभंग झाल्याचे ठरवून हंटरला मुक्त केले आणि ३१ डिसेंबर रोजी न्यूयॉर्क यांकीजने त्याच्याशी पाच वर्षांचा, तीस लाखांहून अधिक डॉलरचा करार केला. पुढील वर्षी हंटरने ३२८ डाव टाकले, ३० सामने पूर्ण केले. हा आकडा त्यानंतर कोणी गाठलेला नाही. लवकरच हाताच्या तक्रारी सुरू झाल्या आणि करार संपताच, १९७९ मध्ये, तो तेहतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. दरम्यान डिसेंबर १९७५ मध्ये याच साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात राखीव कलमच निष्प्रभ ठरविले. हे दोघेही पिचर होते. रॅडबर्नने १८८४ मध्ये जी सूट वैयक्तिक सौद्याने मागितली, ती एक्क्याण्णव वर्षांनी हक्क म्हणून मिळाली.

या निर्णयांचा अर्थशास्त्रीय परिणाम उघड आहे. हात निकामी झाला तरी करारातील रक्कम द्यावीच लागणार, हे कळल्यावर क्लबांना पिचरच्या बाहूची काळजी वाटू लागली. काळजीचा उगम करुणेत शोधण्याची आवश्यकता नाही. तो ताळेबंदात सापडतो.

मोजणीचे युग

बदल अर्थातच एका रात्रीत झाला नाही. १९८० मध्ये बिली मार्टिनच्या व्यवस्थापनाखाली ओकलंडच्या पिचरांनी ९४ सामने पूर्ण केले. त्यांपैकी २८ एकट्या रिक लँगफर्डचे, २४ माइक नॉरिसचे. पुढील तीन-चार वर्षांत त्या तरुण ताफ्यापैकी बहुतेकांची कारकीर्द हाता-खांद्याच्या तक्रारींनी उतरणीला लागली आणि हे उदाहरण सर्वांच्या स्मरणात राहिले. १९८० नंतर एकाही पिचरने एका हंगामात ३०० डाव टाकलेले नाहीत. १९९८ मध्ये विशीतल्या केरी वुडने एका सामन्यात २० जणांना स्ट्राइकआउटने बाद केले आणि १९९९ चा संपूर्ण हंगाम तो शस्त्रक्रियेमुळे मुकला. फेकींच्या संख्येवरून पिचरच्या 'छळा'चे गुणांकन करण्याची पद्धतही १९९८ मध्येच मांडली गेली. हळूहळू शंभर फेकींची मर्यादा सर्वमान्य झाली. शंभरच का, याला वैद्यकीय उत्तर नाही. दशमान पद्धतीचा मोह, असेच म्हणावे लागते. तीसही संघ मिळून २०२३ व २०२४ या प्रत्येक हंगामात चाळीसहून कमी सामने पूर्ण झाले.

भार असा निम्म्याहून खाली आला. दुखापती मात्र वाढल्या. मेजर लीगच्या व्यवस्थापनाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दुखापतीच्या यादीत पिचरांच्या नोंदी २००५ मध्ये २१२ होत्या, त्या २०२४ मध्ये ४८५ झाल्या. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. यादीत राहण्याची किमान मुदत मध्यंतरी बदलली, प्रतिमाचित्रणामुळे पूर्वी न दिसणारी इजा दिसू लागली आणि क्लबही यादीचा सोयीने उपयोग करतात. तरी एवढी सूट देऊनही वाढ उरतेच. त्याच अहवालात जलद फेकीचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१ मैलांच्या, तर २०२४ मध्ये ९४ मैलांच्या वर नोंदविला आहे, आणि दुखापतींच्या कारणांत वेगाचा व प्रत्येक फेक कमाल ताकदीने टाकण्याचा उल्लेख प्राधान्याने येतो.

याचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण अलाबामातील बर्मिंगहॅम येथील क्रीडावैद्यक संस्थेत ग्लेन फ्लाइसिग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळते. फेकीच्या एका क्षणी कोपरावर येणारा पिळाचा ताण त्यांनी सरासरी ६४ न्यूटन-मीटर इतका मोजला. मृतदेहांवरील प्रयोगांत अस्थिबंध एकटा ३२ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो. उरलेला ताण भोवतालचे स्नायू झेलतात. ते थकले की अस्थिबंधावर येतो. म्हणजे मॅथ्यूसन जो जोर राखून ठेवीत असे, तो केवळ डावपेच नव्हता. कळत नकळत तो कोपराचा विमाही होता. आजच्या पिचरला थोडेच डाव टाकावयाचे असल्याने जोर राखण्याचे कारण उरलेले नाही. भार कमी केल्यामुळे तीव्रता वाढविणे शक्य झाले, आणि हात तुटल्यास जोडता येतो या विश्वासामुळे ती परवडू लागली.

यावरून संख्येला महत्त्वच नाही असा अर्थ कोणी काढल्यास ते चुकीचे होईल. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत तर पुरावा स्पष्ट आहे. याच संस्थेच्या २००६ मधील अभ्यासात वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ खेळणाऱ्या किशोरांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, तर हात थकलेला असूनही नेहमी चेंडू टाकणाऱ्यांत छत्तीसपट आढळली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत, एका वर्षात शंभराहून अधिक डाव टाकणाऱ्या मुलांत गंभीर दुखापतीचे प्रमाण साडेतीनपट होते. लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी फेकींची मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलास दिवसाला ८५. एकक बदलण्यास इतका काळ लागला.

जपानमध्येही हा प्रश्न वेगळ्या मार्गाने तेथेच पोहोचला. चुनिची ड्रॅगन्सच्या हिरोशी गोंदोने १९६१ मध्ये, पदार्पणाच्या वर्षी, ४२९ डाव टाकून ३५ सामने जिंकले. 'गोंदो, गोंदो, पाऊस, गोंदो' अशी त्या हंगामाच्या वेळापत्रकाची थट्टा तेव्हा रूढ झाली होती. दोन वर्षांत त्याचा हात संपला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने पिचरांना राबविण्यास सातत्याने विरोध केला आणि १९९८ मध्ये योकोहामा संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोशिएनच्या शालेय स्पर्धेत दाइसुके मात्सुझाका या मुलाने १७ डावांत २५० फेकी टाकल्या आणि साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. मात्सुझाकाच्या कोपरावर २०११ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली. जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये आठवड्याला ५०० फेकींची मर्यादा २०२० मध्ये आली.

वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीव्हन स्ट्रासबर्गवर २०१० मध्ये जोब यांचीच शस्त्रक्रिया झाली होती. २०१२ मध्ये संघ अग्रस्थानी असताना व्यवस्थापनाने त्याला १५९ डावांवर थांबविले आणि अंतिम टप्प्यात त्याच्याविना खेळण्याचा निर्णय घेतला. यावर अमेरिकेत वर्षभर वाद चालला. २०१९ मध्ये त्याने संघाला जगज्जेतेपद मिळवून दिले व तो मालिकावीर ठरला. त्या डिसेंबरमध्ये क्लबाने त्याच्याशी सात वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर तो एकूण आठ सामने खेळला, ३१ डाव टाकले आणि छाती व खांद्यामधील नसांच्या विकाराने २०२४ मध्ये निवृत्त झाला.